सगुणेच्या नावाची धाबळी

त्र्यंबकराव वझ्यांनी घर रिकामं करायला घेतलं ते आमच्या आळीत कुणालाच आवडलं नव्हतं. मला तर नाहीच नाही. म्हाताऱ्या माणसाने जप करावा, नाक्यावर बसून चार गप्पा हाणाव्यात, हवापाण्याच्या नावाने बोटं मोडावीत, हे मला समजतं. पण रोज सकाळी अंघोळ उरकून स्वतःच्याच घरातल्या वस्तूंना दुसऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या बांधत बसायचं, हा कुठला छंद? त्यांच्या ओटीवर पाय ठेवला की देवळीतल्या समईपासून दारामागच्या खराट्यापर्यंत सगळीकडून कागदाचे तुकडे लोंबताना दिसायचे. आमचं कुटुंब तिथून आलं की आधी पाय धुवायचं. म्हणायचं, "त्या घरात गेलं की तेराव्याला गेल्यासारखं वाटतं बाई."

कल्याणात पारनाक्यामागे आमची आळी. त्र्यंबकरावांचं घर तीन खोल्यांचं, कौलारू, नीटनेटकं. समोर आमचं. त्यांच्या माजघराची पलीकडची भिंत भाताच्या वखारीला लागून होती. कल्याणात वखारी पावलोपावली, तेव्हा त्यात नवल काही नाही. पण पुढे त्या भिंतीचं काम पडणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तीस वर्षं ते कल्याण स्टेशनात कारकून होते. फलाटाच्या टोकाला एक खोली होती. गाड्यांत विसरलेलं, कुणी मागायला न आलेलं सामान तिथे येई. छत्र्या, पागोटी, वळकट्या, तांबे, एकदा म्हणे पाळण्यासकट खेळणी. प्रत्येक जिनसेला चिठ्ठी बांधायची, तीवर तारीख, गाडी आणि डबा लिहायचा, आणि वाट बघायची. वर्षभरात कुणी आलं नाही तर त्याच चिठ्ठीवर लाल शाईने लिहायचं, 'बेवारस'. हा शब्द त्र्यंबकरावांनी आयुष्यात किती हजार वेळा लिहिला असेल कोण जाणे. त्यांच्या उजव्या तर्जनीला लाल डाग कायमचा बसला होता. जेवताना तो दिसला की मला कसंसंच व्हायचं.

ते अठराशे एक्क्याण्णव साली नोकरीतून मोकळे झाले. त्याच्या दोनच वर्षं आधी त्यांची बायको आवडाबाई गेली होती. मुलगा नाही. मुलगी एकच, सगुणा, ती ठाण्याला कौपिनेश्वराच्या देवळामागे दिलेली. घरात उरले ते एकटे त्र्यंबकराव, एक पिवळं मांजर आणि तीस वर्षांच्या संसाराचं सामान.

"विठ्ठलराव," ते मला एकदा म्हणाले, "माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू कशा दिसतात ते मी पाहिलंय. तुम्ही नाही पाहिलं. वळकटी असते, तीत उशी असते, उशीवर डोक्याचा खळगा असतो, आणि माणूस नसतो. माझ्या कुठल्याही वस्तूवर मी तो शब्द लिहू देणार नाही. एकेक डबा सोडत जायचं. शेवटी इंजिनाने रिकाम्या हाताने शेडमध्ये जावं."

मी हसलो. म्हटलं, "नाना, तुम्ही अजून वीस वर्षं जगलात तर जेवाल कशात?"

"पत्रावळीवर," ते म्हणाले. थट्टा त्यांना कळत नसे असं नाही, पण ती त्यांना लागत नसे.

दर एकादशीला एक वस्तू जाई. उपासाच्या दिवशी द्यायची म्हणजे देताना हाव उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मोठा हंडा देवळात गेला. पाटा-वरवंटा आमच्या शेजारणीकडे. आवडाबाईंची लुगडी तर त्यांच्या मागे पहिल्या वर्षातच वाटून झाली होती. भिंतीवरच्या घड्याळाला माझ्या नावाची चिठ्ठी होती. ते मला त्र्याण्णवच्या आषाढात मिळालं. मी नको नको म्हटलं आणि घरी आणून लगेच खिळा ठोकला. खोटं कशाला सांगू, ते घड्याळ मला पहिल्यापासून हवं होतं. ते घेतल्यापासून मात्र त्र्यंबकरावांना कशालाही नाही म्हणणं मला जड जाऊ लागलं, आणि सगळं जे पुढे झालं ते ह्या एका भिडेपायी झालं.

शहाण्णवच्या श्रावणात त्यांनी माजघरावरचा माळा मोकळा केला. तीस वर्षांची जुनी पोती, टोपल्या, फुटके पाट, सगळं खाली उतरलं आणि गेलं. माळ्यावर राहणारे उंदीर त्या दिवसांत आम्हाला दिवसाढवळ्या भिंतीवरून पळताना दिसत. त्र्यंबकरावांना त्याचं काही नव्हतं. घरात धान्यच नाही तर उंदीर राहतील कशाला, असा त्यांचा हिशेब. ते एका वेळचं शिजवण्यापुरतेच तांदूळ आणत.

मग दिवाळीच्या सुमारास मांजर गेलं. कोपरहून सखुबाई नावाची आगरीण आळीत मिठाची टोपली घेऊन येई. तिच्या डोळ्यांत ते पिवळं मांजर कधीचं भरलं होतं. त्र्यंबकरावांनी मांजराच्याही गळ्यात चिठ्ठी बांधली, मी प्रत्यक्ष पाहिलंय. सखुबाईने टोपलीत फडकं अंथरून मांजर घेतलं खरं, पण तिचा पाय निघेना.

"बाबा, मना मांजर पायजे व्हता, खोटा कनाला बोलू," ती म्हणाली. "पन आता नको वाटतं. वखार बाजूला हाय. उंदरांना कोन खाईल?"

"घरात त्यांना खायला आहे काय, सखू? रिकामं घर आहे."

"रिकामा हाय म्हनूनच सांगतंय. घर येवढा उगडा करू नये. कोन पन येऊन बसतं." एवढं बोलून तिने त्या मोकळ्या माळ्याकडे बघितलं, आणि टोपली उचलून ती निघून गेली. पुढचे दोन महिने ती आळीत आली नाही.

मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, सुरू झाला होता. मांडवीकडे रोज माणसं मरत होती. पौषात मुंबईची माणसं पळू लागली. मी रोज सकाळच्या गाडीने ठाण्याला कचेरीत जाई. उलट्या बाजूने येणाऱ्या गाड्यांतून माणसं दारापर्यंत भरलेली असत, आणि तरी त्या गाड्यांतून आवाज येत नसे. कल्याणला तपासणी बसली. डॉक्टर आणि शिपाई फलाटावर माणसांना उतरवत, रांगेत उभं करत, काखा आणि जांघा चाचपत. ज्याला ताप असेल त्याला बाजूला घातलेल्या पेंढ्याच्या झापांत नेत. ज्यांनी घाबरून गाडीतून पलीकडे उडी टाकली त्यांचं सामान मागे राही.

एका दुपारी स्टेशनातला नवा कारकून त्र्यंबकरावांकडे आला. खोली भरून सामान बाहेर आलंय, काय करू, विचारत होता. कचेरीला सुट्टी होती, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेलो. ती खोली मी आधी कधी पाहिली नव्हती. दार उघडंच होतं, कारण मिटत नव्हतं. वळकट्या, गोधड्या, बोचकी, देवांच्या पेट्या, एकावर एक छताला टेकल्या होत्या. एका गाठोड्यातून लहान मुलीची बांगडी डोकावत होती. सगळ्याला एक कोंदट, गोडसर वास येत होता. कुणी कशाला हात लावत नव्हतं, शिपाईसुद्धा चार हात दूर उभा होता.

त्र्यंबकराव दारात थांबले. आत गेले नाहीत. बराच वेळ त्यांनी त्या ढिगाकडे पाहिलं आणि मग ते नव्या कारकुनाला म्हणाले, "चिठ्ठ्या बांधू नका. कुणी यायचं नाही. सगळं जाळा. कापड तर आधी जाळा, कापडातच ते असतं."

हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकलेत. कारकुनाने विचारलं, "लोकरीचं सुद्धा?" तेव्हा त्र्यंबकराव थोडे घुटमळले. मग म्हणाले, "परक्याच्या लोकरीचं कोणी काय सांगावं. जाळा."

आता त्या धाबळीचं सांगतो.

एव्हाना त्र्यंबकरावांच्या घरात राहिलं होतं ते एवढंच: एक पाट, एक तांब्या, एक तवा, पांघरायला एक गोधडी, देव, आणि माजघरात उंच वळणीवर टाकलेली आवडाबाईंची सोवळ्याची, लोकरीची धाबळी. तांबूस, जाडीभरडी, काठाला विटका हिरवा पट्टा. आवडाबाई तीस वर्षं ती नेसून स्वयंपाकाला उभ्या राहिल्या. मरताना त्यांनी सांगितलं होतं की ही सगुणेला द्या, पण पहिलं मूल झाल्यावर ती बाळंतपणातून उठून चुलीपुढे उभी राहील त्या दिवशी नेसायला. सगुणेची दोन मुलं पोटातच गेली होती. म्हणून ती धाबळी आठ वर्षं वळणीवरच होती, आणि तिला सगळ्यात जुनी चिठ्ठी होती: 'सगुणा, ठाणे'.

तिला कधी पाणी लागलं नव्हतं. आपल्याकडे सुती कापड रोज धुवावं लागतं, रेशमाला आणि लोकरीला ते बंधन नाही. लोकर सदा शुद्ध, तिला विटाळ नाही, असं आम्ही आजीच्या मांडीवर बसल्यापासून ऐकतो. त्र्यंबकराव स्टेशनातल्या परधर्मीयांच्या वळकट्या हाताळून घरी आले की अंगावरचे सगळे कपडे काढून अंघोळ करत, पण देवापुढे तेच लोकरीचं आसन. त्यात कधी कुणाला काही चुकीचं वाटलं नाही. मलाही नाही.

माघात सगुणेला सहावा महिना लागला. या खेपेस सगळं ठीक होतं. तिचं पत्र आलं की त्र्यंबकराव ते घेऊन आमच्याकडे येत आणि मला मोठ्याने वाचायला लावत, जसं काही त्यांना वाचता येत नव्हतं. त्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा कारणावाचून हसताना पाहिलं. म्हणत, "हे एवढं पार पडलं की ती धाबळी पोहोचती करायची. मग मी मोकळा."

त्याच आठवड्यात वखारीत उंदीर मेले. आधी एक, मग दहा-बारा. हमाल फावड्याने बाहेर टाकत होते. दोन दिवसांनी वखारीतला एक हमाल तापाने पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. मग आमच्या आळीतही दवंडी आली: उद्या घराघरांत तपासणीची मंडळी येतील, कौलं काढून ऊन आत घेतलं जाईल, भिंतींना चुना लागेल, आणि घरातलं सगळं कापड औषधाच्या बादलीत बुडवलं जाईल. लपवाछपवी करू नये.

मी सकाळी कचेरीला निघालो होतो. त्र्यंबकरावांनी ओटीवरून हाक मारली. आत गेलो तर त्यांनी माजघराच्या मधोमध पाट मांडला होता आणि पाटावर धाबळी घडी करून ठेवली होती. वळणीच्या बरोबर खाली, भिंतीकडेला, एक उंदीर पडला होता. पाय वर, तोंडाशी थोडं ओलं. अंग अजून ताठलं नव्हतं.

मी उंदराकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मांजराने मारला असेल," ते म्हणाले, आणि शेपटीला धरून त्यांनी तो मागच्या दारी टाकला.

मांजर तिथे नव्हतं. मांजर दिवाळीलाच कोपरला गेलं होतं, गळ्यात चिठ्ठी बांधून, माझ्या डोळ्यांदेखत. ते त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी काही बोललो नाही.

"ते लोक उद्या हिला बादलीत बुडवतील," ते म्हणाले. "कुणाकुणाचे हात लागलेलं ते औषध. मग हिचं सोवळेपण राहिलं कुठे? सगुणेच्या सासूबाई कडक आहेत, त्या हिला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत. आवडीची एवढी एकच गोष्ट उरलीय, विठ्ठलराव. तुम्ही आज ठाण्याला जाताच आहात. ठाण्याकडे जाणाऱ्याला तपासत नाहीत."

"नाना, मूल होईपर्यंत थांबायचं होतं ना?"

"आता थांबायला घर कुठे आहे?" ते म्हणाले. "ही गेली की उद्या त्यांना बुडवायला माझं धोतर आणि एक गोधडी."

माझ्या जिभेवर होतं. स्टेशनातल्या खोलीच्या दारात उभं राहून ते काय म्हणाले होते ते त्यांना ऐकवावं असं वाटत होतं. पण समोर सत्तरीला टेकलेला माणूस, हात पुढे केलेला, आणि माझ्या घरात त्यांचं घड्याळ टिकटिकत होतं. शिवाय, लोकरच ती. मी धाबळी माझ्या पंच्यात बांधून घेतली आणि निघालो.

गाडी रिकामी होती. मुंबईच्या दिशेने त्या दिवसांत कोण जाणार? बोचकं मी मांडीवर ठेवलं होतं. डोंबिवली गेलं तेव्हा मनगटाला काही चावलं. मी खाजवलं. दिव्याच्या खाडीवर आलो तेव्हा बोचकं खाली टाकून द्यावं असा विचार माझ्या मनात आला, अगदी स्पष्ट आला. खाली काळं पाणी होतं, भरती होती. मग पूल संपला.

सगुणा दारातच उभी होती. मला बघून आधी घाबरली, वडिलांचं काही झालं की काय म्हणून. मी बोचकं पुढे केलं तशी तिने पंचा सोडला आणि धाबळी दोन्ही हातांनी उचलून चेहऱ्याला लावली. पोट चांगलं दिसत होतं. चेहऱ्यावर तेज होतं, ते मी बोललोही.

"काका, अजून आईचा वास येतो हो हिला," ती म्हणाली. "मूल होईपर्यंत नेसायची नाही म्हणतात. पण उशाशी घेऊन निजायला काय हरकत?"

मी म्हणालो, "काही हरकत नाही." मला हे शब्द विसरता येत नाहीत.

नऊ दिवसांनी तिचा नवरा माझ्या कचेरीत आला. दारातच उभा राहिला, आत आला नाही. मला काय ते कळलं. संध्याकाळी मी कल्याणला उतरलो, तपासणीत काखा दाखवल्या आणि सरळ त्र्यंबकरावांकडे गेलो. घराची अर्धी कौलं उतरवलेली होती, भिंती पांढऱ्याफटक होत्या, वरून आभाळ दिसत होतं. ते देवापुढे बसले होते. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी माळ खाली ठेवली.

"ताप आहे," मी म्हणालो.

"गाठ?"

"हो."

"कुठे?"

"काखेत. डाव्या."

त्यांनी खाली ठेवलेली माळ सरळ केली. मग म्हणाले, "ती डाव्या कुशीवर निजते. हात उशीखाली घेऊन. लहानपणापासून." एवढंच. रडले नाहीत. मीच रडलो, आणि त्यांनी उठून मला तांब्याभर पाणी दिलं. त्यांच्या घरात तेवढा एकच तांब्या होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आम्ही दोघे गेलो. सगुणेला गावाबाहेरच्या झापांत हलवलं होतं. आम्हाला दोरीच्या अलीकडे उभं केलं. त्र्यंबकराव दुपारपर्यंत उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. ती गेली, आणि पोटातलंही गेलं. तिला एकदा तरी त्यांनी पाहिलं का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

तिच्या घरी गेलो तर सासूबाईंनी घरातलं कापड अंगणात जाळलं होतं. गाद्या, उशा, लुगडी, पडदेसुद्धा. राख अजून धुमसत होती. आम्ही निघताना त्या आतून काठीवर धरून धाबळी घेऊन आल्या आणि ओट्याच्या कडेला टाकली. त्या वाईट बाई नव्हत्या. डोळे सुजले होते त्यांचे. म्हणाल्या, "ही तेवढी ठेवली. लोकर आहे, हिला विटाळ नाही. जाळवेना. तुमच्याकडची आहे, तुम्हीच न्या."

चिठ्ठी अजून काठाला तशीच होती.

मी म्हटलं, "नाना, इथेच आगीत टाका." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. धाबळी उचलली, झटकली नाही, अंगावर पांघरून घेतली आणि तिची टोकं काखेत घट्ट धरली. कल्याणच्या फलाटावर शिपायाने आमची रिकामी पिशवी उलटी करून पाहिली, आमची कपाळं चाचपली, आणि म्हाताऱ्याच्या अंगावरचं पांघरूण बघून 'थंडी वाजते काय बाबा' म्हणून सोडून दिलं. डॉक्टर जुना ओळखीचा होता. या वेळीही त्यांनी तिला बादलीतून वाचवलं. आधी कशासाठी वाचवलं होतं आणि आता कशासाठी, हे मला तिथेच, फलाटावर उभं असताना कळलं.

फाल्गुनात कल्याणात साथ पेटली. आळी ओस पडली. आम्ही गांधारीकडच्या शेतात झाप घालून राहायला गेलो, पाऊस लागेपर्यंत. त्र्यंबकराव आले नाहीत. मी दोनदा बोलवायला गेलो. कौलं अजून बसवली नव्हती. त्या उन्हात, उघड्या माजघरात, ते लोकरीची धाबळी अंगाभोवती घेऊन पाटावर बसलेले होते. घरात दुसरी वस्तू नव्हती. गोधडीही त्यांनी कुणाला तरी देऊन टाकली होती. मला बघून म्हणाले, "तुम्ही जा. मुलाबाळांचे आहात."

आम्ही परत आलो तेव्हा आळीतली अकरा माणसं गेली होती. त्यात पाटा-वरवंटा घेतलेली शेजारीण होती, तिचा थोरला होता, देवळातला गुरव होता. मी मनातल्या मनात त्यांना दिलेल्या वस्तू आठवू लागलो आणि मग थांबलो. दगड-तांब्याला साथ लागत नाही, एवढं मला कळतं. तरी घड्याळ भिंतीवरून काढून मी उन्हात ठेवलं. नंतर परत लावलं नाही, ते कोठीत पडून आहे.

त्र्यंबकराव मात्र धडधाकट होते.

सखुबाई पावसानंतर मिठाची टोपली घेऊन आली. तिच्या घरातलं कुणी गेलं नव्हतं. तिने मांजराची पिल्लं आणली होती, एक त्र्यंबकरावांसाठी. त्यांनी घेतलं नाही. ओटीवरून उठून आत गेले. ती मला म्हणाली, "बाबाच्या घराला आता कोन पन येनार नाय. यायचा तो येऊन गेला." आणि पिल्लू आमच्या दारात ठेवून गेली.

त्या धाबळीविषयी एकदाच आमचं बोलणं झालं, गेल्या वर्षी, संक्रांतीच्या सुमारास. मी त्यांना तिळगूळ द्यायला गेलो होतो. त्यांनी वडी हातात घेतली, तोंडात टाकली नाही.

"विठ्ठलराव, त्या दिवशी तुम्ही उंदीर बघितला होता ना?"

"बघितला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही म्हणालात, मांजराने मारला."

"मांजर कुठे होतं?"

मी तिळगुळाची पुडी परत बांधू लागलो. ते म्हणाले, "मी बाप होतो. मला ती धाबळी तिच्यापर्यंत पोहोचवायचीच होती, मी आंधळा झालो होतो. तुम्ही नव्हता झाला." हे त्यांनी रागाने नाही म्हटलं. राग असता तर मला बरं वाटलं असतं, मी भांडलो असतो. त्यांनी ते जुन्या फलाटावर चौकशी करावी तसं म्हटलं. तिळगूळ तसाच हातात होता.

आता नव्व्याण्णव साल लागलंय. साथ दरवर्षी थंडीत येते, दोनचार घरं घेते आणि जाते. त्र्यंबकराव बहात्तर वर्षांचे आहेत, दात शाबूत, नजर चांगली, खोकला नाही. रोज सकाळी धाबळी पांघरून ओटीवर बसतात. तिला आठ आणि दोन, दहा वर्षांत पाणी लागलेलं नाही. चिठ्ठीवरचं 'सगुणा' पुसट झालंय, 'ठाणे' वाचता येतं. ऊन पायरीपर्यंत आलं की ते धाबळीच्या आत हात घालतात आणि तो लाल डागाचा हात डाव्या काखेत घालून सावकाश चाचपतात. मग उजव्या. मी समोरून जोडे घालताना बघत असतो. आमची नजरानजर झाली की ते मान हलवतात: अजून नाही. आणि मी गाडीला निघतो. अंघोळीच्या वेळी मीही माझ्या काखेत बोटं घालून बघितलेलं असतं.